रेडिओमामाची गप्प बसायची शिकवणी

रेडिओमामाच्या जिभेला हाड नव्हतं हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. सलूनचं शटर सकाळी आठला वर जायचं आणि त्याबरोबर मामाचं तोंड उघडायचं. दोन्ही बंद व्हायची ती संध्याकाळी, एकदमच. मधल्या वेळात खुर्चीत कोण बसलंय यावर काही अवलंबून नसायचं. गिऱ्हाईक बहिरं असलं तरी मामाला चालायचं. उलट बहिरं गिऱ्हाईक मधे तोंड घालत नाही म्हणून त्याचे केस जरा जास्तच मायेनं कापले जायचे.

मिस्त्री हे त्याचं तीस वर्षांचं गिऱ्हाईक. धंद्यानं गवंडी. गल्लीतली निम्मी घरं त्याच्या हाताखालून उठलेली. अंगानं असा दांडगा की बसला की खुर्ची कुरकुरायची. दर रविवारी दाढी, महिन्याला केस. मामानं बोलायचं, मिस्त्रीनं डोळे मिटून ऐकायचं, आणि उठताना सलूनच्या कोपऱ्याकडे बघून म्हणायचं, "ही भिंत ओळंब्यात नाही. कुठल्या गाढवानं बांधली रे?" बांधली होती त्यानंच. तीस वर्षं हा विनोद चालला आणि तीस वर्षं दोघंही हसले.

मग मिस्त्री यायचा बंद झाला. एक रविवार गेला, दोन गेले, तीन गेले. चौथ्या रविवारी मामानं पेटी उचलली आणि स्वतःच त्याचं घर गाठलं. दारातच वहिनीनं त्याला बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात सांगितलं की पोटात गाठ निघालीय, कॅन्सरची. ऑपरेशनच्या पलीकडे गेलीय, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय. आणि लगेच बजावलं, "भावजी, यांना यातलं काही ठाऊक नाही. अल्सर आहे म्हणून सांगितलंय. तुमच्या तोंडातून अवाक्षर निघता कामा नये."

आता मामाला असं बजावायचं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवायचं. पण त्या दिवशी नवलच झालं. मामा आत गेला, खाटेवर नजर गेली, आणि तोंड जे उघडलं ते उघडंच राहिलं. घर पडून नुसती परांची उभी राहावी तसा मिस्त्री दिसत होता. ओळखीची म्हणून एक मिशी तेवढी होती.

"काय रे," मिस्त्री म्हणाला, "बॅटरी संपली का?"

मामानं साबण फेसला. ब्रश गालाला लावला, तर गाल आत गेला तो वर येईना. वस्तरा उघडला आणि तसाच मिटून ठेवला. हजारो नरड्यांवरून फिरलेला वस्तरा. "पाणी गार झालंय, गरम घेऊन येतो," असं म्हणून मामा स्वयंपाकघराकडे निघाला आणि मागच्या दारानं थेट घरी पोचला.

घरी मामी भाजी निवडत होती. तिनं विचारलं, पेटी कुठाय. मामा म्हणाला, विसरलो. मामीला त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून सगळं कळायचं. तिनं खोदून खोदून विचारलं, सगळं ऐकून घेतलं आणि देठ मोडता मोडता म्हणाली, "तीस वर्षं त्या माणसानं तुमची बडबड सोसली. तुम्हाला त्याचं दुखणं अर्धा तास सोसवेना होय?"

हे वर्मी लागलं. मामाला शिव्या चालायच्या, टोमणे चालायचे, पण हिशेबात तो उणा पडला असं कुणी म्हटलेलं चालायचं नाही. आठवडाभर तो सलूनमध्ये नुसता कात्री वाजवत राहिला. गिऱ्हाइकांनी एकमेकांना खुणा केल्या, कुणी हळूच विचारलं की घरी सगळं बरं आहे ना. त्याच आठवड्यात दवाखान्याच्या फाटकावर एक कागद लागला. बऱ्या न होणाऱ्या आजारात माणसाच्या घरी जाऊन आधार कसा द्यायचा, याची आठ रविवारांची शिकवणी, स्वयंसेवक हवेत. फॉर्मवर 'अनुभव' असा एक रकाना होता. मामानं लिहिलं : तीस वर्षं लोकांच्या मानेवर वस्तरा. आजवर तक्रार नाही.

शिकवणी दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, जिथं जुन्या खाटा ठेवायचे तिथं भरायची. शिकवणारी सिस्टर बुटकी, पांढरे बूट घातलेली, आणि आवाज असा की वरच्या मजल्यावरून बोलली तर खालचा रांगेतला माणूस सरळ उभा राहायचा. पहिल्याच दिवशी तिनं सांगून टाकलं, याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, नावाला भिऊ नका. आजार बरा करणं हातात उरलं नाही तरी करण्यासारखं ढीगभर असतं. दुखणं कमी करता येतं, कूस बदलता येते, तोंड ओलं ठेवता येतं, आणि शेजारी बसता येतं. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड.

मामा मनात हसला. बसायला काय अक्कल लागते?

मग तिनं फळ्यावर वाक्यं लिहिली. काळजी करू नका. सगळं ठीक होईल. मनाला लावून घेऊ नका. माझ्या ओळखीत एकाला अगदी हेच झालं होतं. तुम्ही काय, दणकट आहात. एवढी लिहून खाली जाड रेघ ओढली आणि म्हणाली, ही वाक्यं आजपासून बंद. मामानं ती वहीत उतरवून घेतली आणि वाचता वाचता हिशेब मांडला. एवढी वजा केली तर त्याच्याजवळ "मान जरा खाली करा" याच्यापलीकडे काही शिल्लक राहत नव्हतं.

हातांच्या कामात मात्र मामा पहिला. अंगाखालची चादर माणसाला न उठवता कशी बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून दोन तासांनी कुशीवर कसं वळवायचं, कोरड्या पडलेल्या तोंडात ओली गॉज फिरवून जीभ कशी पुसायची, हे त्याला दाखवावं लागलंच नाही. माणसाचं डोकं हातात धरायचं, ते जड लागू द्यायचं नाही आणि त्याला अवघडल्यासारखं वाटू द्यायचं नाही, हाच तर त्याचा धंदा. बाकीच्या दहा जणांना सिस्टर त्याच्याकडे बघायला सांगायची. मामा फुगायचा.

तिसऱ्या रविवारी फुगा फुटला. जोड्या लावल्या. मामाच्या वाट्याला बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई आल्या. बाईंनी पेशंट व्हायचं, मामानं समोर खुर्ची घेऊन बसायचं आणि पाच मिनिटं काही बोलायचं नाही. त्या बोलल्या तर ऐकायचं, नाही बोलल्या तर नाही. सिस्टरनं घड्याळ लावलं. चाळिसाव्या सेकंदाला मामा म्हणाला, "बाई, राग नका मानू, पण तुमचे केस कोण कापतं? डावीकडे अर्धा बोट जास्त ठेवलेत."

वर्ग खिदळला. बाई पुढचे दोन रविवार त्याच्याशी बोलल्या नाहीत. मात्र घरी जाऊन आरशात बघितलं तर खरंच अर्धा बोट जास्त होते, हे त्यांनी शेवटच्या रविवारी कबूल केलं.

सिस्टरनं त्याला थांबवून घेतलं. म्हणाली, मामा, तुम्ही माणसाच्या तोंडाकडे बघतच नाही, नजर इकडे तिकडे पळते. मामानं खरं कारण सांगितलं. तीस वर्षं तो माणसाच्या पाठीमागे उभा राहून आरशातल्या तोंडाशी बोलत आला होता. समोरासमोर आलं की सगळे उलटे दिसतात. उजवीकडचा तीळ डावीकडे जातो, ओळखीचा माणूस परका होतो, आणि त्याला वाटतं आपण कुणा तिऱ्हाईताच्या घरात शिरलो. सिस्टरला हसावं की काय करावं ते कळेना. तिनं त्याला गृहपाठ दिला, रोज मामीच्या समोर पाच मिनिटं गप्प बसायचं.

मामीनं दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी ती शेजारणीला म्हणाली की यांनी काहीतरी मोठा घोटाळा केलाय आणि सांगायचं धाडस होत नाहीये.

आठव्या रविवारी सिस्टरनं सगळ्यांना कागद दिले. मामाच्या कागदावर शेरा होता : हात उत्तम, तोंड अजून कच्चं. तोंड कच्चं असलं तरी तिनं त्याला बरोबर घ्यायचं कबूल केलं, कारण पहिलं घर मिस्त्रीचं होतं आणि मिस्त्री तिच्याशी बोलत नव्हता. गेला महिनाभर ती आठवड्यातून दोनदा जायची. काय विचारलं तरी त्याचं उत्तर एकच, बरं आहे.

मंगळवारी दोघं गेली. खाट आता पुढच्या खोलीत, खिडकीला लागून आणली होती. बिस्किटांच्या जुन्या डब्यात मॉर्फिनच्या गोळ्या आणि डब्याच्या झाकणावर गजराचं घड्याळ. दर चार तासांनी गोळी, दुखो न दुखो, असं सिस्टरनं वहिनीला लिहून दिलेलं होतं. मिस्त्रीची दाढी पांढरी खुंटं धरून वाढली होती. सिस्टरनं नाडी बघितली, पाय बघितले आणि मामाला म्हणाली, मी मागच्या गल्लीतल्या आजींची जखम बांधून येते. तुम्ही बसा. नुसतं बसायचं, काही करायचं नाही.

मामा समोर बसला. मिस्त्रीनं त्याच्याकडे बघितलं. मामानं खिडकीकडे बघितलं.

"पेटी खाटेखाली आहे," मिस्त्री म्हणाला. "पळून गेलास त्या दिवसापासून तिथंच आहे. जरा माणसात आण मला. लेकीला फोटो पाठवायचाय."

लेक दूर देशी नोकरीला. शुक्रवारचं तिकीट काढलेलं, आठवड्याच्या रजेवर यायची होती. तिला बापाचा फोटो पाठवायचा म्हटल्यावर मामाच्या हातांना जे स्फुरण चढलं ते काय विचारता. आठ रविवार तोंडाचा अपमान सोसलेल्या हातांना आता रान मोकळं होतं. त्यानं दाढी केली, तीही दोनदा, उलटी आणि सुलटी. भुवया बसवल्या. कानांतले केस काढले. मिशीला कलप लावला आणि मिशीला लावला म्हणून केसांनाही लावला. गालांना क्रीम चोळून चोळून लाली आणली. पाठीशी तीन उशा दिल्या, इस्त्रीचा शर्ट चढवला, कॉलर मानेभोवती विहिरीच्या काठासारखी सैल झाली तेव्हा मागून सलूनची क्लिप लावून ती घट्ट केली. मग चार पावलं मागं सरून बघितलं. दहा वर्षांपूर्वीचा मिस्त्री बसला होता.

वहिनी चहा घेऊन आली ती कप हातातच धरून उभी राहिली. मग धावत जाऊन फोन आणला. फोटो गेला. दहा मिनिटांत लेकीचा फोन आला, मायलेकी दोघी हसत रडत बोलल्या. बाहेरून सिस्टरनं हाक मारली. तिला उशीर झाला होता, ती आत आली नाही. रस्त्यात तिनं विचारलं, बसलात ना? मामा म्हणाला, बसलो की. खोटं म्हणावं तर खोटं नव्हतं. अधूनमधून तो बसला होताच.

शुक्रवारी दोघं पुन्हा गेली तर दारातच कण्हणं ऐकू आलं. मिस्त्री गुडघे पोटाशी घेऊन पडला होता, कपाळावर घाम, ओठ दातांखाली. सिस्टरनं डबा उघडला. मंगळवारपासूनच्या गोळ्या जशाच्या तशा. तिनं आधी औषध दिलं, मिस्त्रीच्या पाठीवर हात ठेवून ते लागू होईपर्यंत थांबली आणि मगच वहिनीला विचारलं.

वहिनीचा चेहरा पडला. ती म्हणाली, हे मंगळवारी इतके छान दिसत होते, मला वाटलं आता उतार पडला, उगीच कशाला त्या गोळ्यांची सवय लावा. दोन दिवस पोळीही खायला घातली, अंगणापर्यंत चालवूनही आणलं. आणि लेकीनंसुद्धा तिकीट पुढं ढकललं. तिची बढतीची परीक्षा आहे ना, ती देऊन पाच आठवड्यांनी महिनाभराची रजा घेऊनच येते म्हणाली. हे सांगताना वहिनीनं फोन काढून तो फोटो दाखवला.

सिस्टरनं फोटो बघितला. मग मामाकडे बघितलं. मामाला वाटलं, आता खालच्या रांगेतली माणसं सरळ उभी राहणार. पण ती त्याला अंगणात घेऊन गेली आणि अगदी हळू बोलली, ते जास्त वाईट होतं.

"दाढी केलीत याचा मला राग नाही मामा. कधी कधी दाढी हेच औषध असतं. पण तुम्ही त्याला बरा करून दाखवलात. लेक पाच आठवड्यांनी येणार, आणि माझ्या अंदाजानं त्याच्याजवळ दोनच आहेत. कदाचित कमी."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यानं खिशातून फोन काढला, म्हणाला, आत्ताच्या आत्ता लेकीला कळवतो. सिस्टरनं फोन धरलेला हात खाली केला. कुणाचा निरोप म्हणून कळवणार, असं तिनं विचारलं. आयुष्य त्याचं, लेक त्याची. कुणाला काय सांगायचं ते त्यालाच ठरवू द्या. मामा म्हणाला, पण वहिनी म्हणतात त्याला आजाराचं काही ठाऊकच नाही. सिस्टर म्हणाली, तेही त्यालाच विचारा. माझ्याजवळ तो 'बरं आहे' सोडून काही बोलत नाही. मी वहिनींना स्वयंपाकघरात बसवून गोळ्यांचं नीट समजावते. तुम्ही आत जा.

मामा आत गेला. औषध लागू झालं होतं, मिस्त्रीचे गुडघे सैल पडले होते. मामा समोर बसला. "काळजी..." एवढं तोंडातून निघालं आणि पुढचं त्यानं गिळलं. "सगळं..." तेही गिळलं. फळ्यावरची सगळी वाक्यं एकामागून एक आली आणि एकामागून एक घशाखाली गेली.

"समोर काय बसलास पंचासारखा," मिस्त्री म्हणाला. "मागं ये. आणि तो खिडकीतला छोटा आरसा दे इकडे."

मामा खाटेच्या डोक्याशी गेला. मिस्त्रीनं आरसा पोटावर टेकवून धरला आणि त्यात दोघांची तोंडं दिसली, वर मामाचं, खाली मिस्त्रीचं, तीस वर्षं दिसत होती तशीच. मामाला जरा श्वास आला. त्यानं शिकवणीतलं वाक्य म्हटलं, पाठ केलेलं, "मिस्त्री, तुझ्या आजाराबद्दल तुला काय वाटतं?"

"हे कुठलं पाठ करून आलास?" मिस्त्री म्हणाला आणि गप्प झाला.

आता मामाही गप्प झाला. पाच मिनिटांची परीक्षा होती ती, आणि घड्याळ लावणारं कुणी नव्हतं. पहिल्या मिनिटाला जिभेवर तीन वाक्यं येऊन उभी राहिली. दुसऱ्या मिनिटाला सात झाली, बसच्या दारात गर्दी व्हावी तशी एकमेकांना ढकलू लागली. मामानं दार उघडलं नाही. त्यानं मिस्त्रीचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं, जड लागू दिलं नाही, आणि उभा राहिला. बाहेर कुणीतरी सायकलला हवा भरत होतं. ती भरून झाली, माणूस निघून गेला, तरी मामा उभाच.

"गिलावा झकास केलास परवा," मिस्त्री आरशात बघत म्हणाला. "पण भिंत आतून ओली आहे. ओल्या भिंतीवर रंग मारला की घर चार दिवस नवं दिसतं. पाचव्या दिवशी पोपडे. मला काय सांगतोस, जन्म गेला माझा भिंतींत."

मामा काही सांगत नव्हता. ते त्याच्याही ध्यानात आलं नाही.

"पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे मला. डॉक्टरांनी हिला बाहेर नेलं तेव्हाच कळलं. गाठ बरी होणारी असती तर माझ्यासमोरच बोलला असता ना तो. हिला वाटतं मला माहीत नाही, तर वाटू दे म्हटलं. तेवढाच तिला आसरा. आणि फोटो पाठव असं मीच म्हटलं. पोरीची परीक्षा आहे, बाप असा बघून ती काय अभ्यास करणार. वाटलं, बघेल, निवांत होईल." तो थांबला. "ती इतकी निवांत होईल असं नव्हतं वाटलं."

मामानं तेव्हाही दार उघडलं नाही.

"यायला हवी ती," मिस्त्री म्हणाला. "पण माझ्या तोंडातून ते निघत नाही. तू सांग तिला. तुला बोलायची सवय आहे."

तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपणहून मामाला बोल म्हणत होतं. आणि बोलण्यासारखंही होतं. त्यानं घोटाळा केला होता, तोच निस्तरायला मिळत होता. लेकीला काय सांगायचं, कसं सुरू करायचं, कुठं थांबायचं, सगळं जिभेवर तयार होतं. मामानं वहिनीनं खाटेवर ठेवलेला फोन उचलला, लेकीचा नंबर लावला आणि घंटी वाजायला लागल्यावर तो मिस्त्रीच्या कानाला धरला.

"मी सांगितलं तर ती मलाच विचारत बसेल," तो म्हणाला. "तूच बोल."

पलीकडून आवाज आला. मिस्त्रीनं घसा खाकरला. आधी विचारलं, जेवलीस का. मग म्हणाला, "तो फोटो खरा नव्हता बाळा. रेडिओनं रंगवलंय मला. तू ये." पलीकडून बरंच काही बोलणं झालं. तो ऐकत राहिला. "परीक्षा पुढल्या खेपेला दे. माझी पुढली खेप नाही."

फोन खाली ठेवला तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभी होती, गोळ्यांचा डबा छातीशी धरून. तिच्यामागं सिस्टर.

"तुम्हाला ठाऊक होतं?" वहिनी म्हणाली.

"अगं, अल्सरवाल्याच्या घरी कुणी आठवड्यातून दोनदा सिस्टर आणि वर एक न्हावी पाठवतं का?"

"मग मला का नाही बोललात?"

"तू रडशील म्हणून."

"मी रोजच रडते. न्हाणीत, नळ सोडून."

"असं होय," मिस्त्री म्हणाला. "मला वाटत होतं नळ गळतोय. प्लंबरला सांगणार होतो."

वहिनी हसायला लागली आणि हसता हसता खाटेच्या कडेवर बसली. मग तिचं हसणं कुठं संपलं आणि दुसरं काय सुरू झालं ते बघायला मामा थांबला नाही. सिस्टरनं त्याला खुणेनंच बाहेर बोलावलं. अंगणात दोघं पायरीवर बसली. सिस्टरनं एवढंच विचारलं की किती मिनिटं झाली. मामा म्हणाला, मोजली नाहीत. तिनं पिशवीतून वही काढली, काहीतरी लिहिलं, आणि काय लिहिलं ते दाखवलं नाही.

लेक सोमवारी यायची ठरली. मधे दोन दिवस. मामा रोज सकाळी सलून उघडायच्या आधी मिस्त्रीकडे जायचा, वहिनीबरोबर त्याला कुशीवर वळवायचा, पाठ बघायचा. शनिवारी मिस्त्री खूप झोपला. रविवारी त्याहून जास्त. पाणी चमच्यानं द्यावं लागायला लागलं. मामा सिस्टरला विचारायचा, पोचेल ना? सिस्टरसुद्धा फळ्यावरची वाक्यं वापरत नसे. म्हणायची, मला माहीत नाही मामा. रविवारी मामानं सलूनमध्ये तीन गिऱ्हाइकांना एकसारखाच भांग पाडला, कुणाला कसा हवाय ते न विचारता.

सोमवारी पहाटेच वहिनीचा निरोप आला, पेटी घेऊन या, पोरगी यायच्या आधी जरा नीटनेटके करा यांना. मामा पेटी घेऊन गेला. मिस्त्री जागा होता. मिशीचा कलप मुळाशी पांढरा पडला होता, हनुवटीवर सहा दिवसांची खुंटं होती. मामानं पेटी उघडली नाही. विचारलं, "करू का?"

मिस्त्रीनं खुंटांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "नको. ती लहान होती तेव्हा कामावरून आलो की उचलून घ्यायचो तिला. दाढी टोचते म्हणून बोंब ठोकायची, आणि खाली ठेवलं की परत उचल म्हणायची. राहू दे तशीच."

म्हणून मामानं ओल्या गॉजनं त्याचं तोंड पुसलं, ओठांना व्हॅसलिन लावलं, उशी बदलली आणि हात मांडीखाली दाबून खुर्चीत बसला. हातांना नाही म्हणायचं तर असंच बसावं लागायचं त्याला.

साडेदहाला रिक्षा थांबली. लेक दारात आली. तिनं बापाकडे बघितलं, आणि ज्या फोटोवरून तिनं तिकीट पुढं ढकललं होतं तो तिच्या डोळ्यांसमोरून पुसला जाताना मामाला स्पष्ट दिसला. ती जागची हलेना.

"चप्पल बाहेर काढ," मिस्त्री म्हणाला. आवाज आता फुंकर मारल्याएवढाच उरला होता. "फरशी आत्ताच पुसलीय तुझ्या आईनं."

तिनं चप्पल काढली. आत आली. मामाच्या खुर्चीपाशी थांबली. "मामा, तो फोटो तुम्ही केला होतात?"

"हो."

"छान केला होता," ती म्हणाली. "परत करू नका."

मामानं मान खाली घातली. लेक खाटेवर टेकली, वाकली आणि बापाच्या गालाला गाल लावला.

"टोचतंय," ती म्हणाली.

"मग उठ."

ती उठली नाही. मामा पेटी घेऊन बाहेर पडला.

मिस्त्री त्यानंतर नऊ दिवस होता. लेकीनं गोळ्यांचं घड्याळ हातात घेतलं, कूस बदलायला शिकली, चादर बदलायलाही शिकली, आणि मामापेक्षा तिचा हात हलका आहे असं मिस्त्रीनं मुद्दाम मामासमोर सांगितलं. मामा रोज जायचा, सांगितलं तर काम करायचा, नाहीतर बसायचा. बापलेक बोलायला लागले की तो पायरीवर जायचा.

ते काय बोलत होते हे गल्लीला फार हवं होतं. मिस्त्री गेल्यावर आठवडाभर सलूनमध्ये एकही खुर्ची रिकामी नव्हती. ज्यांना केस नव्हते तेही येऊन बसले. मामानं सगळ्यांना हवापाण्याचं सांगितलं, रस्त्याच्या खड्ड्यांचं सांगितलं, नव्या वस्तऱ्याच्या पात्यांना धार नसते याचं तर साग्रसंगीत सांगितलं. ते मात्र सांगितलं नाही. गल्लीची खात्री आहे की त्याला सगळं ठाऊक आहे आणि तो मूग गिळून बसलाय. त्याला ठाऊक नाही. त्यानं कधी विचारलंच नव्हतं. आणि हेही तो कुणाला सांगत नाही.